बी.ए.चा ताळेबंद

डिसेंबर २०१८ मध्ये शक्तिकांत दास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तेव्हा त्यांच्या धोरणांच्या आधी त्यांच्या पदवीचीच चर्चा झाली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून इतिहासात एम.ए. झालेला माणूस आता रुपया सांभाळणार, यावर समाजमाध्यमांत थट्टेला ऊत आला. सहा वर्षांनी ते पायउतार झाले तोवर येस बँकेचे संकट, कोविड आणि २,००० च्या नोटेची माघार एवढे सगळे होऊन गेले होते. टीका होत होती ती व्याजदरांवर. इतिहासाच्या पदवीचे नाव आता फारसे कुणी काढत नव्हते.

त्यांच्याआधी २०१३ ते २०१७ या काळात स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी असलेल्या अरुंधती भट्टाचार्य इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी. १९७७ मध्ये त्या प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून बँकेत लागल्या. आर्ट्सच्या मुलांपुढे करिअरवर बोलायला आलेला पाहुणा ही दोन नावे हमखास घेतो. टाळ्या पडतात. मग शेवटच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘पण सर, मी आत्ता अर्ज कुठे करू?’ आणि पाहुण्यांची गाडी अडखळते.

अडखळते, कारण या दोन्ही उदाहरणांतली मेख कुणी सांगत नाही. दास १९८० च्या तुकडीचे आयएएस, भट्टाचार्य बँकेच्या परीक्षेतून आलेल्या. दोघांनाही आत घेणाऱ्या परीक्षेने पदवीचा विषय विचारला नव्हता, आणि आत गेल्यावर पैशाचे व्यवहार शिकवण्याचा खर्च संस्थेने केला होता, तोही वर्षानुवर्षे पगार देत. भट्टाचार्य यांना शिखर गाठायला ३६ वर्षे लागली. आर्ट्सच्या पदवीचा फायदा फायनान्समध्ये नक्की होतो, पण तो दारात होत नाही, फार उशिरा होतो. म्हणून बी.ए. करून फायनान्समध्ये जाता येते का, या प्रश्नापेक्षा मधली वर्षे कुणाच्या खर्चाने काढायची, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. या लेखात एकेक वाट त्याच नजरेने पाहिली आहे.

एके काळी हे दार सताड उघडे होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्यातालुक्यांत शाखा निघाल्या. शाखा म्हणजे माणसे: हाताने लेजर लिहिणारी, बेरीज जुळेपर्यंत संध्याकाळी थांबणारी. मराठी घरांतले बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. एकाच परीक्षेला बसले आणि एकाच काउंटरमागे गेले. बँकांची नाट्यमंडळे जोरात होती तो काळही हाच. आपण फायनान्समध्ये करिअर करतो आहोत, असे त्यांच्यातले कुणी म्हणाले नसते. त्यांना बँकेत नोकरी लागली होती, आणि लग्नाच्या बाजारात तेवढे पुरत होते.

१९९४-९५ मध्ये नव्या खाजगी बँका सुरू झाल्या. पाठोपाठ म्युच्युअल फंड, शेअर दलालीच्या कंपन्या आणि परदेशी बँकांची कार्यालये आली. यांनी भरती परीक्षेऐवजी कॅम्पसवरून केली. एमबीए आणि सीए ही नाणी चालू लागली. ‘तुझे ग्रॅज्युएशन कशातले?’ हा प्रश्न मुलाखतीत आला तो इथपासून.

एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे अर्थशास्त्राची पदवीही बहुधा बी.ए.च असते, त्यामुळे ‘आर्ट्सवाला’ म्हणताना आपण दोन वेगळी माणसे एका पोत्यात भरतो. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्याची परंपरा भक्कम आहे. फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. वा. गो. काळे १९३५ मध्ये नोंदणी झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांपैकी एक होते. शिवाय अशा मुलाने निदान निर्देशांक आणि व्याजदर यांच्याशी तीन वर्षे झटापट केलेली असते. खरी उडी मारायची असते मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञानवाल्यांना. पुढचे सगळे त्यांच्याविषयी आहे.

जुने दार आजही बंद झालेले नाही, फक्त तिथली रांग फार लांबली आहे. स्टेट बँक आणि आयबीपीएसच्या पीओ परीक्षांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेलाही चालतो, फक्त खुल्या गटाला पदवीत ६० टक्के आणि वय २१ ते ३० लागते. तिच्या दुसऱ्या टप्प्यात आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि इंग्रजी लेखन यांचे पेपर असतात. राज्यशास्त्र नीट केलेल्या मुलाला ते परके वाटत नाहीत. त्याचे पाय लटपटतात पहिल्या टप्प्यातल्या क्वांट आणि रीझनिंगमध्ये. सेबीच्या ग्रेड ए अधिकारी भरतीत जनरल शाखेला कोणत्याही विषयातली पदव्युत्तर पदवी चालत आली आहे, म्हणजे मराठीत एम.ए. केलेला विद्यार्थीही तिथे बसू शकतो. हे मराठी विभागाच्या सूचना फलकावर मी कधी लावलेले पाहिले नाही. ग्रामीण बँकांच्या परीक्षा मराठीतून देता येतात आणि तिथे स्थानिक भाषा यावीच लागते. मे २०२५ मध्ये राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एकच झाली, त्यामुळे बदलीचा नकाशा मात्र जवळजवळ राज्यभर पसरला आहे.

या वाटेचे मोठेपण असे की, शिकवण्याचा खर्च इथे अजूनही संस्था उचलते. नोकरी लागल्यावर जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा देता येतात. त्या घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था १९२८ पासूनची. क्रेडिट, ट्रेझरी, परकीय चलन अशी खाती त्यानंतर खुली होतात. वाईटपण असे की, परीक्षेच्या तयारीत दोन-तीन वर्षे गेली आणि निवड झाली नाही, तर हातात काही उरत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अशी वर्षे ढिगाने पडलेली आहेत. त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

सीएची वाट बी.ए.वाल्यांना बंद आहे, हा गैरसमज मात्र अजून घट्ट आहे. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के असतील, तर फाउंडेशन वगळून थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. तेवढे गुण नसतील तर बारावीच्या बळावर फाउंडेशनपासून सुरुवात करता येते. २०२३ मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. इंटरमीजिएटचे सहा पेपर पाहिले तर कायदा आणि ऑडिट हे दोन मुख्यतः वाचून, समजून, मुद्देसूद लिहिण्याचे. करांचा पेपर अर्धा भाषेचा, अर्धा आकड्यांचा. प्रगत हिशेब, कॉस्टिंग आणि वित्तीय व्यवस्थापन हे तीन कस काढतात, आणि थेट प्रवेशात जी फाउंडेशन वाचते तिच्यातच हिशेबांचा पाया असतो. सवलत म्हणून दिलेली गोष्ट इथे अडचण होऊन बसते. माझे मत विचाराल तर ६५ टक्केवाल्या बी.ए.नेही फाउंडेशनचे हिशेबाचे पुस्तक पहिल्या पानापासून सोडवावे, परीक्षा द्यायची नसली तरी.

एमबीएबद्दल थोडक्यात. राज्याच्या सीईटीत २०० पैकी गणिताचे प्रश्न ५०, बाकीचे तर्क, आकृत्या आणि इंग्रजी. उणे गुण नाहीत. या परीक्षेतून १९६५ साली स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेत प्रवेश मिळू शकतो आणि फी मोठ्या आयआयएमच्या तुलनेत फार कमी. कॅट अवघड, पण अनेक आयआयएम इंजिनिअर नसलेल्यांना निवडीत वेगळे गुण देतात, कारण त्यांचे वर्ग इंजिनिअरांनी भरून वाहत असतात. अडचण पैशांची आहे. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर गेली आहे. कर्ज मिळते, पण ते कर्ज फेडण्याइतका पगार देणारी नोकरी घेणे मग सक्तीचे होते, आणि आवडीचे काम शोधण्याची मोकळीक संपते.

सीएफएचे तीन टप्पे कोणत्याही पदवीवर देता येतात. एका टप्प्याला साधारण ३०० तास अभ्यास लागतो असे ती परीक्षा घेणारी संस्थाच सांगते, आणि सनद हवी तर संबंधित कामाचा ४,००० तासांचा अनुभव. पहिला टप्पा पास झाल्यावर नोकरी धावत येते, हा क्लासवाल्यांचा प्रचार आहे. एका टप्प्याचा खर्च लाखाच्या आसपास जातो, तेव्हा निदान हिशेब तरी कळतात की नाही हे आधी स्वस्तात तपासून पाहावे.

स्वस्तात तपासायला एनआयएसएमच्या परीक्षा आहेत. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स ही सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली संस्था, तिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला. म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा म्हणजे १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास. महिनाभराचा नेटका अभ्यास पुरतो. अशी एक परीक्षा पास झालेली मुलगी विमा, बँक, फंड हाऊस कुठेही मुलाखतीला गेली, तर निदान तिचा हेतू खरा आहे एवढे सिद्ध होते.

याच परीक्षेवर ‘स्वतःचा व्यवसाय’ उभा करण्याचे स्वप्न मात्र आकड्यांनी तपासले पाहिजे. सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये वितरकांना आगाऊ मिळणारे कमिशन बंद करून सगळे कमिशन ट्रेलवर, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात आहेत तोवर दरसाल थोडेथोडे, असे केले. ग्राहकाच्या दृष्टीने निर्णय उत्तम. नव्या वितरकाचे काय होते ते पाहा. समजा तुम्ही १०० कुटुंबांना महिना ५,००० रुपयांची एसआयपी सुरू करून दिली. १०० घरे, हे साधे काम नव्हे. वर्षअखेर ६० लाख जमा झाले. ट्रेल समजा पाऊण टक्का. ६० लाखांवर वर्षाला ४५,००० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार. पहिल्या वर्षी तर तेही नाही, कारण रक्कम हळूहळू साठत असते. पाच-सात वर्षे ग्राहक टिकले, बाजाराने साथ दिली, तर हाच व्यवसाय घर चालवतो. तोवर घर कोण चालवणार? ज्यांच्या आई किंवा वडिलांचा धंदा आधीपासून हाच आहे, किंवा जोडीदाराची पक्की नोकरी आहे, तेच बहुधा या टप्प्यापर्यंत तग धरतात.

यातूनच जाहिरातींचा सापळा तयार होतो. ‘फायनान्समध्ये करिअर, कोणताही पदवीधर, अनुभवाची गरज नाही’ असे लिहिलेल्या जागा बहुतेक विक्रीच्या असतात. हुद्दा रिलेशनशिप मॅनेजर किंवा वेल्थ ॲडव्हायजर. काम विमा, क्रेडिट कार्ड आणि मुदत ठेवींचे टार्गेट. सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या म्युच्युअल फंड वितरकांनी ‘वेल्थ ॲडव्हायजर’सारखी बिरुदे लावू नयेत असा नियम २०२० पासून आहे, पण बोलण्यात बिरुदे तशीच फिरतात. विक्री हलकी असते असे मी म्हणत नाही. विमा विकता विकता माणसे ओळखायला शिकलेले आणि पुढे फार मोठे झालेले लोक आहेत. पण विश्लेषण शिकायला मिळेल या आशेने गेलेल्या मुलीला तीन महिन्यांत आपल्याच मावशी-आत्यांची यादी करायला लावतात, आणि यादी संपली की नोकरीही संपते. मुलाखतीत एकच प्रश्न विचारावा: माझा पगार टार्गेटवर अवलंबून आहे का?

आता ती वाट, जी आर्ट्सच्या मुलांना सर्वांत सहज मिळते आणि जिच्याविषयी घरी सांगताना त्यांची पंचाईत होते. पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडी, मुंबईकडे मालाड, गोरेगाव, ऐरोली इथल्या काचेच्या इमारतींत परदेशी बँकांची आणि फंडांची कामे चालतात. लोक सगळ्याला मिळून ‘बॅक ऑफिस’ म्हणतात. फंडांच्या हिशेबाला बी.कॉम. लागतो. केवायसी आणि मनी लाँडरिंगविरोधी तपासणीला मात्र कोणताही पदवीधर घेतात, इंग्रजी बरे हवे.

हे काम नेमके काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. एका कंपनीला खाते उघडायचे आहे. तिचे ३० टक्के शेअर दुसऱ्या एका कंपनीकडे, आणि त्या दुसऱ्या कंपनीत एका गृहस्थाचे ४० टक्के. ३० चे ४० टक्के म्हणजे १२. भारतात २०२३ मध्ये नियम बदलून कंपनीचा खरा मालक ठरवण्याची मर्यादा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली, त्यामुळे जो गृहस्थ आधी जाळ्यातून निसटला असता, तो आता सापडतो. गणित इथेच संपते. पुढे त्या नावाचा शोध घ्यायचा. जुन्या बातमीत त्याच नावाचा माणूस एका फसवणुकीच्या खटल्यात दिसतो. तो हाच का? वय जुळते का, शहर जुळते का, बातमी देणारे वर्तमानपत्र विश्वासार्ह आहे का, खटल्याचे पुढे काय झाले? इतिहासाच्या एम.ए.ला साधनांची चिकित्सा म्हणून जे शिकवतात ते हेच. शेवटी या सगळ्यावर वीस ओळींचे टिपण लिहायचे, असे की दोन वर्षांनी तपासायला आलेल्या ऑडिटरला निर्णय का घेतला ते कळावे. या टिपणात आर्ट्सवाला कॉमर्सवाल्याला सहज मागे टाकू शकतो.

तोटा दिसायला वेळ लागतो. तीन वर्षांनी सीनियर ॲनालिस्ट होता येते, पण त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जिथे गुंतवणुकीचे निर्णय होतात, तिथे जायचा जिना नसतो. ऑपरेशन्सचा शिक्का बसतो. शिवाय कागद जुळवणे आणि नावे शोधणे ही कामे सॉफ्टवेअर भराभर शिकते आहे. त्यामुळे या नोकरीत असतानाच, कंपनी पगार देते आहे तोवर, पुढची परीक्षा देऊन टाकणारे शहाणे ठरतात. रात्रपाळी करून ते जमवायला फार जीव लागतो, हेही खरे.

आणि गणित? महाराष्ट्रात आर्ट्सला गेलेल्या बहुतेक मुलांचे गणित दहावीला सुटते. भीती मात्र सुटत नाही. वास्तविक गुंतवणूक बँकांचे काही कोपरे आणि विमागणित सोडले, तर लागणारे गणित म्हणजे शेकडेवारी, चक्रवाढ व्याज, सरासरी, प्रमाण विचलन आणि थोडी संभाव्यता. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत आठ टक्क्यांनी किती? एक लाख भागिले १.०८ चा दहावा घात, उत्तर सुमारे ४६,३२०. एवढे हाताने एकदा केले आणि मग एक्सेलमध्ये केले की, रोखे, पेन्शन, घरकर्ज यांचा गाभा हाती येतो.

खरी उणीव गणिताहून वेगळ्या जागी असते, ती हिशेबाच्या भाषेत. मुलाखतीत वर्षानुवर्षे विचारला जाणारा एक प्रश्न घ्या. कंपनीचा घसारा १०० रुपयांनी वाढला, कर २५ टक्के. तिन्ही पत्रकांवर काय परिणाम? बी.ए.चा मुलगा म्हणतो, खर्च वाढला, नफा घटला, पैसे कमी झाले. चूक शेवटच्या दोन शब्दांत. नफा ७५ ने घटतो, कारण १०० च्या खर्चाने २५ रुपये कर वाचतो. पण घसाऱ्यासाठी कुणाच्या हातावर रोकड ठेवावी लागत नाही, म्हणून रोख उलट २५ ने वाढते. ताळेबंदात यंत्रांची किंमत १०० ने उतरली, रोख २५ ने चढली, म्हणजे मालमत्ता ७५ ने कमी. दुसऱ्या बाजूला भागधारकांचा निधी ७५ ने कमी. जुळले. यात सातवीपलीकडचे गणित नाही. नफा आणि रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अंगात मुरलेले असावे लागते, आणि कॉमर्सच्या मुलाच्या अंगात ते तीन वर्षांच्या कंटाळ्यातून मुरलेले असते. बी.ए.ला हे सहा-आठ महिन्यांत जमते, पण रोज एक ताळेबंद वाचायला हवा. गावच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत घरी येतो आणि रद्दीत जातो. ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए, तरतूद, गंगाजळी हे सगळे त्यात असते. सुरुवातीला यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

मग आर्ट्सचा उपयोग काय? ‘चिकित्सक विचार’ हा शब्द इथे इतका वापरला जातो की त्याचा चोथा झाला आहे. तीन वर्षे गाइडमधून नोट्स पाठ करून बी.ए. झालेल्याकडे चिकित्सा कुठून येणार? ज्याने खरोखर मूळ पुस्तके वाचली, लिहिले, खोडले, त्याच्याबद्दल बोलत असू तर गोष्ट वेगळी. अशा माणसाचा फायदा कामाच्या आठव्या-दहाव्या वर्षी दिसतो. तोवर एक्सेल सगळ्यांनाच येत असते. तेव्हा कर्जाच्या प्रस्तावावर आठ पानी नोट लिहायची असते, नियामकाच्या परिपत्रकातला एक ‘मात्र’ काय बदलतो ते ओळखायचे असते, संचालक मंडळाला वाईट बातमी सांगायची असते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक आधार आहे. माणसे पैशाबाबत चुकतात ती कशी, हे मांडणाऱ्या डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आज गुंतवणूक सल्लागारांच्या अभ्यासक्रमातही त्याचा धडा असतो.

परदेशातली मोठी नावे याच मुद्द्यासाठी पुढे केली जातात. जॉर्ज सोरोस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तत्त्वज्ञान शिकले आणि कार्ल पॉपर यांच्या विचारांतून त्यांनी बाजाराचा सिद्धान्त बेतला. कार्ल आयकान प्रिन्स्टनचे तत्त्वज्ञानाचे पदवीधर. पीटर लिंच बॉस्टन कॉलेजात इतिहास, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान शिकले, आणि संख्याशास्त्रापेक्षा हे विषय शेअरबाजाराला जास्त उपयोगी पडतात असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९७७ ते १९९० त्यांनी फिडेलिटी कंपनीचा मॅगेलन फंड चालवला आणि वर्षाला सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला, तेव्हा त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. पण तेच लिंच शाळकरी वयापासून गोल्फ क्लबवर कॅडीचे काम करत होते. खेळायला येणाऱ्यांत फिडेलिटीचे अध्यक्ष होते, आणि १९६६ मध्ये तिथे उन्हाळी उमेदवारी मिळाली ती या ओळखीच्या आधाराने. पुढे त्यांनी व्हार्टनमधून एमबीए केले. तत्त्वज्ञान, ओळख आणि एमबीए या तिघांतले कशाचे श्रेय किती, हे पदवीच्या नावाने शोभिवंत वाक्ये लिहिणारे सांगत नाहीत.

ब्रिटनची गोष्ट मात्र व्यवस्था म्हणून वेगळी आहे. तिथे चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्यांत इतिहास, इंग्रजी, अभिजात भाषा घेतलेले पदवीधर पूर्वापार असतात. लेखापालांच्या मोठ्या कंपन्या त्यांना पगारावर ठेवतात आणि परीक्षांचा खर्चही करतात. म्हणजे मधल्या वर्षांचा प्रश्न तिथे मालकाने सोडवला आहे. आपल्याकडे आर्टिकलला मिळते ते विद्यावेतन, आणि मुंबईत त्यावर पेइंग गेस्टची कॉटही मिळणे कठीण. त्यामुळे दादर-कोथरूडच्या मुलाला हे संक्रमण ‘वर्षभराची रिस्क’ असते, आणि औसा किंवा शिरपूरहून आलेल्या, पहिल्यांदाच पदवी पाहिलेल्या घरातल्या मुलीला तीच रिस्क धाकट्या भावाच्या शिक्षणाशी बांधलेली असते. शाखेपेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि समुपदेशनाच्या तक्त्यांत त्याला रकानाच नसतो.

एक दार मात्र कॉलेजातच नव्याने उघडले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात खुले ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचे घ्यावे लागतात. म्हणजे मराठी मुख्य विषय घेतलेली विद्यार्थिनी पहिल्याच वर्षी हिशेबाची किंवा गुंतवणुकीची तोंडओळख श्रेयांकांसह करून घेऊ शकते, तेही जवळजवळ फुकटात. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात कोणता ऐच्छिक विषय मिळेल हे त्या कॉलेजात कोणता शिक्षक मोकळा आहे यावर ठरते, आणि जिथे कॉमर्सची शाखाच नाही अशा ग्रामीण आर्ट्स कॉलेजात हिशेब शिकवायला कुणी नसते. मुले मग ज्या विषयाचा तास वेळापत्रकात बसतो तो घेतात. प्रवेशाच्या आठवड्यात प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहून शेजारच्या कॉमर्स कॉलेजात हिशेबाच्या तासाला बसण्याची परवानगी मागता येते. श्रेयांक हस्तांतराची तरतूद आहे, अर्ज मात्र आपणच करायचा.